शंभर टक्क्यांची शाळा

नववीच्या निकालाच्या दिवशी वाणीला शाळेतून काढलं. काढलं असं कुणी म्हणालं नाही. मुख्याध्यापिका श्रीदेवी मॅडमनी तिच्या वडिलांना, बालाजीरावांना, टेबलासमोर उभं केलं आणि सांगितलं, "दहावीला ही नक्की आपटणार. आमचा निकाल शंभर टक्के असतो. मुकाट्यानं दाखला घेतलात तर नववी पास लिहून देते."

बालाजीरावांनी सही केली.

दाराबाहेर स्वरदा हे ऐकत उभी होती. वर्गात कायम पहिली येणारी, वाणीची मैत्रीण. बाबांच्या नोकरीपायी स्वरदाचं घर सांगलीहून चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला आलं, तेव्हा तिला तमिळचा गंध नव्हता. वर्गात ती रडवेली बसली असताना शेजारची मुलगी तंजावरकडच्या हेल काढून बोलायच्या मराठीत म्हणाली होती, "काय गे, तमिळ येत नाही काय? माझ्याजवळ बैस." ती वाणी. स्वरदाला तमिळ तिनंच शिकवलं.

तेव्हा वाणीलाही चांगले मार्क पडत. मग बालाजीरावांना शहराच्या पार उत्तर टोकाला, एन्नोरच्या कारखान्यांत कंत्राटी काम लागलं आणि घर तिकडे हललं. वाणी अंधारात उठून निघायची, बीच स्टेशनला गाडी बदलायची आणि मांबलमला उतरून शाळेकडे पळत सुटायची. एन्नोरच्या धुळीनं रात्री खोकला, त्यामुळे झोप नाही. वर्गात बाकावर डोकं टेकलं की तिचा डोळा लागे. मास्तर तिला कुंभकर्ण म्हणत, मुलं हसत. मार्क का घसरले, हे मात्र कुणी विचारलं नाही.

वाणी दाखला घेऊन फाटकाबाहेर पडली, तेव्हा स्वरदानं मनाशी ठरवलं. या बाईचे शंभर टक्के मी मोडणार.

वर्षभर तिनं कुणाला काही कळू दिलं नाही. आत्ता मार्क कमी झाले तर आपल्यालाही काढतील, हे ती जाणून होती. म्हणून ती जिद्दीनं अभ्यास करत राहिली. परीक्षेआधीच मॅडमनी निकालाच्या फलकासाठी तिचा फोटो काढवून घेतला. स्वरदा छान हसली.

गणिताच्या पेपरला तिनं फक्त नंबर लिहिला. प्रश्न वाचताच उत्तरं डोक्यात उमटत होती. हात शिवशिवायला लागले, तशी ती हातांवरच बसली. पर्यवेक्षिका दोनदा येऊन कळवळून म्हणाल्या, "एळुदु मा, काहीतरी लिही." स्वरदानं मान हलवली.

निकाल लागला. गणितात शून्य. सगळ्या शाळेत एकटी स्वरदा नापास. त्या वर्षी फाटकावर फलक लागलाच नाही.

बाबांना आधी वाटलं, संगणकाची चूक असेल. मग डोळ्यांचे डॉक्टर झाले, मग समुपदेशक. शेवटी मॅडमनीच दोघांना बोलावलं. खुर्ची दिली, ताक मागवलं.

"काय झालं कण्णा, बाळा?" मॅडमचा आवाज लोण्यासारखा होता. "ताण आला होता का? झोप होत नव्हती? घरी काही त्रास?"

"हे वाणीला विचारायला हवं होतं, मॅडम."

"कोण वाणी?"

वर्षभर जिच्यासाठी स्वरदा धुमसत होती, तिचं नावसुद्धा या बाईच्या लक्षात नव्हतं.

"जिला तुम्ही निकालासाठी हाकललंत ती. तिचं काय चुकतंय, हे एकदाही विचारलं नाहीत. मला सगळी गणितं येत होती. मी मुद्दाम नापास झाले. तुमच्यासाठी."

मॅडमनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली.

घरी जाताना बाबा स्टेशनाच्या पुलावर थांबून म्हणाले, "एका बाईचा सूड घ्यायला स्वतःचं वर्ष वाया घालवलंस?"

"वर्ष नाही, बाबा. पुरवणी परीक्षा आहे. मी आधीच चौकशी केली होती."

बाबांना हसावं की थोबाडीत मारावी, कळेना.

पुढच्या रविवारी स्वरदा एन्नोरला गेली. घराजवळच्या सरकारी शाळेतून वाणी पास झाली होती, गणितात काठावर. स्वरदानं पेपर कोरा का ठेवला आणि मॅडमना काय सुनावलं, ते ऐकून ती भडकली.

"मला विचारलंस काय गे? मी रडत-रडत पास झाले त्या गणितात. आणि तू ते माझ्या नावानं फेकून दिलंस?"

वाणी तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. खोकून झाल्यावर हळूच म्हणाली, "माझं नाव घेतल्यावर तिचं तोंड कसं झालं?"

"पांढरंफटक," स्वरदा म्हणाली. "घाम फुटला तिला. तुझं नाव ऐकताच."

"खरं?"

"खरं."

वाणी वळली. "परत सांग," ती म्हणाली, "पहिल्यापासून."