इंजिनाशेजारची वीतभर जागा

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, तेलाची. आणि गच्चीवर नव्हे, तर एका छोट्या मोटारीच्या बॉनेटखाली राहणारी. माझी उंची एक फूट आणि जाडी जेमतेम वीतभर. अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. माझ्या एका कुशीला खोलगट भाग आहे. पाहणाऱ्यांना वाटतं, ही कुठेतरी आपटली असावी. तसं नाही, पण ते पुढे सांगते.

साध्या मोटारीला माझी गरज नसते. तिच्या इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडं असतं. तेल त्यात राहतं आणि पंप ते तिथून ओढून इंजिनभर फिरवतो. पण भरलेली बादली घेऊन तुम्ही चटकन वळलात, तर पाणी एका बाजूला चढतं ना? वेगात लांब वळण घेताना तळातल्या तेलाचंही तेच होतं. ते एका बाजूला चढतं, पंपाच्या तोंडी हवा येते आणि इंजिन कोरडं फिरू लागतं. ते निकामी व्हायला काही सेकंद पुरतात.

आमच्या ताईचं पहिलं इंजिन असंच गेलं. ताई डोंगरी रस्त्यांवरच्या शर्यतीत मोटार चालवत असे. त्या जातीचं इंजिन आता कुठे बनत नव्हतं. बऱ्याच शोधानंतर दुसरं मिळालं, ते शेवटचं. तेही गेलं असतं तर मोटार कायमची उभी राहिली असती. म्हणून ठरलं की तेल तळाशी ठेवायचंच नाही. पंपाने ते लगेच वर उपसायचं, वळणावरही तळ उघडा पडणार नाही अशा उभ्या, अरुंद टाकीत साठवायचं आणि तिथून इंजिनाला द्यायचं. ती टाकी म्हणजे मी.

पण मला ठेवायचं कुठे? बॉनेटखाली बोट शिरायला जागा नव्हती, आणि शर्यतीच्या नियमानुसार बॉनेट कापायला मनाई होती. ताईचे बाबा पत्र्याचं काम करणारे, गॅरेज त्यांचंच. इंजिनाचं काम पाहायला एक मिस्त्री होते. त्यांना सगळे ‘अर्धा इंच’ म्हणत, कारण कुठलंही काम दाखवलं की त्यांचं पहिलं वाक्य असे, “अर्धा इंच कमी पडतोय.”

ताईने आधी बॅटरी उचलून डिकीत नेली. मग हॉर्न खाली सरकवला आणि काच धुण्याच्या पाण्याची बाटली काढून टाकली.

“आता एवढंच राहिलं,” मिस्त्री म्हणाले. “इंजिन मागच्या सीटवर बसवू का, ताई?”

“बसवा. पण बेल्ट लावा त्याला.”

रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात त्यांनी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक खोटी टाकी उभी केली. तिच्या डोक्यावर ओल्या मातीचे गोळे ठेवले, बॉनेट लावलं आणि उघडलं. गोळे चेपून सात मिलिमीटर उरले होते.

“पुरेत,” ताई म्हणाली.

“अर्धा इंच तरी...”

“अरे, पुरेत म्हणाली ना ती!” बाबा म्हणाले.

त्या पुठ्ठ्यावरून बाबांनी मला घडवलं. त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, म्हणून ते प्रत्येक जोड अंगठ्याने चाचपत. तेलातली हवा सुटावी म्हणून त्यांनी माझ्या आत दोन आडवे, भोकांचे पत्रे बसवले. मी जागेवर अशी बसले की ताईने टाळी वाजवली. इंजिन सुरू झालं. तोवर सगळं छान होतं. मग ताईने एक्सिलरेटर दाबला आणि इंजिन सरळ माझ्या अंगावर आलं. टण्!

ताईने इंजिन बंद केलं.

“टाकी फुगली की काय?” ताईने विचारलं.

“टाकी कशाला फुगेल? तुझं इंजिन डुलतंय,” बाबा म्हणाले.

इंजिन रबरी बैठकांवर बसवलेलं असतं. जोर आला की ते एका बाजूला कलतं. तिघांनी मिलिमीटर मोजले होते, पण इंजिन झोपलेलं असताना.

“मला ठाऊक होतं ते कलतं म्हणून,” मिस्त्री हळूच म्हणाले.

“मग बोलला का नाहीस?”

“एरवी बोलतो तेव्हा हसता. म्हटलं, या वेळी नको.”

बाबांनी मला बाहेर काढलं. जिथे ओरखडा उठला होता, तिथे खडूने गोल काढला आणि लाकडी हातोडीने ठोकत ठोकत खळगा पाडला. आठ लिटरची मी साडेसातची झाले. ताईने मापाने पाणी ओतून खात्री केली आणि म्हणाली, “चालेल.” तेव्हापासून इंजिन हवं तेवढं डुलतं आणि मला लागत नाही.

त्या वर्षी डोंगरावरच्या सर्वांत लांब वळणावर ताईची नजर रस्त्यावरून क्षणभरच हलली आणि तेलाच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा जागचा हलला नव्हता. ताई तिसरी आली. लोक बॉनेटखाली वाकून वाकून पाहत होते. एका म्हाताऱ्या शर्यतपटूने विचारलं, “एवढ्याशा गाडीत ही जागा काढली कुठून?”

“आम्ही सगळे थोडे थोडे सरकलो,” बाबा म्हणाले. त्या दिवशी मी फार सुखात होते.

मग ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली. माझ्यातलं तेल काढून मोटारीवर कापड घातलं गेलं. दोन वर्षं गेली. मधल्या काळात मिस्त्रींनी दुसऱ्या एका गाडीसाठी माझं झाकण काढून नेलं आणि तोंडात चिंधी कोंबली. कापड बाजूला, बॉनेट उघडंच; ती चिंधी कोणीतरी हात पुसायला उचलली. शेजारी गाड्यांचे पत्रे घासले जात. ती बारीक, कचकचणारी धूळ दिवसेंदिवस माझ्या उघड्या तोंडातून आत पडत राहिली. मी कोणाला सांगणार?

ताई परत आली, त्या सकाळी मिस्त्रींनी झाकण गुपचूप पुन्हा लावून टाकलं. वरून मी अगदी नीटनेटकी दिसत होते. ताईने नव्या तेलाचा डबा उघडला. तेल आत गेलं असतं, तर ती धूळ घेऊनच इंजिनात शिरलं असतं, आणि ते शेवटचं इंजिन एका दिवसात खरवडून निघालं असतं.

झाकण काढल्यावर रबरी कडी शाबूत आहे का, हे बाबा नेहमी बोटाने पाहत. आजही झाकण काढून त्यांनी माझ्या तोंडात बोट फिरवलं आणि ते दोन बोटांत चोळलं.

“थांब. ओतू नकोस.”

“काय झालं, बाबा?”

“कचकच लागते.”

मिस्त्रींचा चेहरा पडला. “झाकण मी नेलं होतं, काका. दोन दिवसांसाठी.”

“कुठल्या सालातल्या दोन दिवसांसाठी?”

ताईने डबा बंद केला. मिस्त्रींनी मला स्वतः उतरवलं आणि रॉकेलने धुतलं. धुतलेलं रॉकेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर करडी धूळ उरली. पुन्हा धुतलं, पुन्हा गाळलं. सहाव्यांदा फडकं कोरं निघालं, तरी त्यांनी सातव्यांदा धुतलं. नळ्याही तशाच धुतल्या. दुसऱ्या दिवशी ताईने किल्ली फिरवली. दाबाचा काटा थरथरला, वर चढला आणि स्थिर झाला. तोवर त्या तिघांपैकी कोणीच श्वास घेतला नव्हता, असं मला वाटतं.

मित्रांनो, वापरातल्या वस्तूची काळजी सगळेच घेतात. ठेवून दिलेल्या वस्तूची थोडी अधिक घ्या. तिचं तोंड झाका, आणि पुन्हा हाती घ्याल तेव्हा आत एकदा बोट फिरवा. कोणाचं झाकण नेलंत, तर तसं सांगा. रागावतील, पण वेळेवर रागावतील. माझ्या पोटात काय पडलं आहे हे मला कळतं, पण बोलता येत नाही. तेवढं तुम्ही पाहा.