घरात माणसं अकरा

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच फॉर्म कुणाला न विचारता भरला, आणि त्यानंच आमच्या पोरीचं जर्मनीला जाणं अडकलं.

गायत्री आमची एकुलती एक, अकरावीत आहे. तिच्या शाळेत जर्मन शिकवतात. गुजरातेतल्या गोडादऱ्यात लूमवर काम करणाऱ्याच्या पोरीला त्याची अशी काही गोडी लागली की विचारू नका. सकाळी दूधवाल्याला 'गुटेन मॉर्गन'. त्याला वाटलं पोरगी दुधाबद्दल काहीतरी बोलतेय. चार दिवस दूध घट्ट आलं. मी साड्यांवर टिकल्या चिकटवत बसते, तर माझ्याकडून एक ते वीस आकडे पाठ करून घेतले बयेनं. शंभर टिकल्यांची साडी मी आता जर्मनमध्ये पाच वेळा वीस मोजून संपवते.

शाळेचं जर्मनीतल्या एका शाळेशी एक्सचेंज आहे. दसऱ्याच्या सुमारास तिकडच्या मुली इथे येऊन आपल्या घरी राहणार, आणि मे महिन्यात आपल्या पोरी तिकडे त्यांच्या घरी. खर्च ट्रस्टचा. पाच पोरी निवडल्या, त्यात आमची. अट एकच, येणाऱ्या मुलीला तीन आठवडे घरात ठेवायचं. मी म्हटलं ठेवू की! दोन खोल्या आहेत, आतली पोरींना देऊ, आम्ही बाहेर झोपू.

फॉर्म सगळा गायत्रीनं भरला. वडिलांनी भरायची तेवढी एक जागा राहिली होती, घरात माणसं किती, त्यांची नावं आणि खाली सही. ह्यांनी भरलं, सही ठोकली, पाकीट चिकटवलं. गायत्रीनं जसंच्या तसं नेऊन दिलं.

शुक्रवारी जर्मनच्या मॅडमचा फोन. मॅडम गुजराती, बोलायला गोड.

"बेन, तमारा घरमां अगियार पुरुष रहे छे?"

मी म्हटलं, "अकरा? नाही हो मॅडम, एकच आहे, आणि तोही रात्रपाळीला असतो."

"पण फॉर्ममां तो अगियार नाम छे. एक पण बेन नथी."

एकही बाई नाही! मग हा फोन कुणी उचललाय, मांजरानं?

मॅडमनी मग समजावून सांगितलं. येणारी मुलगी सोळा वर्षांची. दोन खोल्या, अकरा पुरुष आणि एकही बाई नाही, अशा घरी तिला पाठवली तर तिच्या आईबापाला शाळा काय सांगणार? सोमवारी सकाळी कमिटी बसणार होती. यादीत पुढचं नाव वेसूच्या एका मुलीचं, तिच्या घरातल्या घरात लिफ्ट आहे म्हणे. मॅडमना आमची गायत्री आवडायची, म्हणून त्या म्हणाल्या, "मी रविवारी चार वाजता स्वतः घर पाहून जाते. जे डोळ्यांनी बघेन तेच कमिटीला सांगेन."

मी फोन ठेवला आणि ह्यांना झोपेतून उठवलं.

"अहो, काय लिहून ठेवलंत त्या कागदावर?"

हे डोळे चोळत म्हणाले, "तेव्हा आबांचा फोन चालू होता ना. आबांनी इचारं, यंदा मुठी कितल्या? मी म्हटलं अकरा, आणि नावं सांगितली. कागदावर पण तेच इचारेल होतं."

कपाळ माझं! मला सगळं तिथंच कळलं. तुम्हाला सांगावं लागेल.

आमची देवी कानबाई. खान्देशातून आलेल्या माणसाचं घर सुटेल, गाव सुटेल, पण कानबाई नाही सुटत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्यांना आम्ही रोट म्हणतो. रोटाचा गहू असातसा घ्यायचा नाही. भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. ज्याची मूठ त्यानं स्वतःच्या हातानं सुपात टाकायची. रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. बायकापोरी खातात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते. कुंदनभाऊजींचा नातू दीड वर्षाचा आहे, त्याची मूठ असते. माझी सोळा वर्षांची पोर जर्मन बोलते, तिची नसते.

तर घरात माणसं किती म्हटल्यावर ह्यांच्या डोक्यात मुठी आल्या. भाऊबंदकीतले वडीलधारे भाईदास आबा नवागामला राहतात, कुंदनभाऊजी हजीऱ्याला कंपनीत, बाकीचे कुठं कुठं. सगळे आमच्या दोन खोल्यांत कोंबून टाकले आणि आम्हा दोघींना घराबाहेर काढलं.

"शाळा काय रोट करणार होती का?" मी एवढी ओरडले की शेजारच्या वत्सलाबाई दारात आल्या.

गायत्री शाळेतून आली तेव्हा मॅडमनी तिला फॉर्मचा फोटो दिला होता. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. तिनं अकरा नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि बापाला एवढंच विचारलं, "पप्पा, एमां हुं क्यां छुं?"

यात मी कुठं आहे. त्या दिवशी हे जेवले पण नाहीत नीट, आणि मी आग्रह केला नाही.

आता पुढचं ऐका. संकट कधी एकटं येत नाही. यंदा कानबाई आमच्या घरी बसणार होती, आणि गहू काढायचा दिवस कुठला? हाच रविवार. वेळ चार. मी आबांना फोन केला, म्हटलं सहाला या. आबा म्हणाले, "चारना मुहूर्त शे." मुहूर्त त्यांनीच काढलेला, पण पंच्याहत्तरीच्या माणसाशी वाद कोण घालणार.

रविवारी पावणेचारपासून येऊ लागले. एक एक करून, ह्यांना धरून अकरा झाले. कुंदनभाऊजी तर पाळीवरून थेट, हातात पिवळं हेल्मेट. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, दारात चपलांचा ढीग. आणि चारला पाच कमी असताना मॅडम दारात उभ्या. त्यांनी चपला मोजल्या, मी बघत होते. मग आत पाहिलं, तर अकराच्या अकरा पुरुष मांडी घालून बसलेले. फॉर्म खरा ठरला हो!

मी धावले. "मॅडम, हे इथं राहत नाहीत, हे फक्त गव्हाला आलेत." हे बोलताना मलाच ते वेड्यासारखं वाटलं. त्यांना कॉटवर बसवलं, चहा ठेवला, आणि ओट्यापासून ओरडून ओरडून कानबाई समजावली. मॅडम शहाण्या. त्या सगळं ऐकत होत्या आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू येत होतं.

सूप आणि गव्हाचं पोतं मध्ये ठेवलं. आबांनी पहिली मूठ टाकली. एकेक जण पुढे झाला. दीड वर्षाच्या बाळ्यानं मुठीतला गहू तोंडात घातला, तो काढून परत सुपात गेला.

"अकरा," आबा म्हणाले. "झायं."

मॅडमनी विचारलं, "आबा, आनी मूठ? हिची?" आणि गायत्रीकडे बोट दाखवलं.

आबा हसले. "पोर परकं धन शे, बेन. आज आठे, उद्या दुसऱ्याना घर."

मॅडमचं हसू गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे फॉर्म चुकून नाही भरला. तुमच्या हिशेबानं ती या घरची नाहीच. मग मी परदेशातली मुलगी हिच्या घरी म्हणून कुठं पाठवू?"

मला वाटलं संपलं, गेली जर्मनी वेसूला. गायत्री दाराला टेकून उभी होती, नखं कुरतडत. मला आबांचा राग आला, ह्यांचा आला, आणि वीस वर्षं तोच गहू निवडून, दळून, लाटून एकदाही तोंड उघडलं नाही म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

तेवढ्यात हे बोलले. आबांसमोर मान वर न करणारा माणूस.

"आबा, बारावी बाकी शे."

"कोनी?"

"गायत्रीनी."

"अशी रीत नही शे, गजेंद्र."

"नही ना. म्हनीसन तर मी कागदवर तिनं नाव लिखाले इसरी गऊ." हे आबांच्या डोळ्यांत बघून बोलत होते. "बाप शे मी तिना. कितला जन म्हटलं तर माले पोर याद नही उनी. अशी रीत काय कामनी?"

आबांनी सुपाकडे पाहिलं, गायत्रीकडे पाहिलं. मग नाकातून मोठा श्वास सोडला. "मूठ टाकी तर दरसाल रोट खावाले येनं पडी. जर्मनीमा ऱ्हाय का आखो कोठे. कबूल?"

"कबूल, आबा," गायत्री म्हणाली. तिनं खाली बसून मूठ भरली, वर पाव मूठ घेतली, सुपात टाकली. मग परत पोत्यात हात घातला.

"एकच, एकच!" आबा ओरडले.

"ही मन्ही नही, आबा. ही मन्ही मायनी शे."

एरवी घरात गुजराती-हिंदीशिवाय न बोलणारी पोर आबांच्या बोलीत म्हणाली, ही माझ्या आईची मूठ. आणि टाकली पण. कुंदनभाऊजी म्हणाले, "दुष्काळमा तेरावा!" आणि सगळे हसले. आबाही हसले, काय करतात! मी नाही हसले. माझे डोळे असे भरून आले की समोरचा चहा उतू जाताना मला दिसलाच नाही. ह्यांनीच उठून गॅस बंद केला.

जाताना मॅडमनी नवा फॉर्म ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी विचार करून करून तीन नावं लिहिली. पहिलं माझं, सुंदरा. लग्नाला वीस वर्षं झाली, ह्यांच्या हातानं लिहिलेलं माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं. अक्षर भयंकर आहे.

सोमवारी दुपारी फोन आला. गायत्रीची जागा पक्की. तिनं मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

पुढच्या रविवारी कानबाई बसली. संध्याकाळी आरती झाली, पुरुषांची पानं मांडली, बारावं गायत्रीचं. दरवर्षीसारखी मी गॅसपाशी रोट लाटत होते. आम्ही बायका शेवटी बसतो, निवलेलं खातो. आबांनी घास उचलला आणि परत ठेवला.

"तेरावी मूठ कोठे शे? पान मांडा तिनं."

"आबा, मी बसले तर लाटेल कोण?"

आबांनी पंगतीवरून नजर फिरवली. पुरुषांनी माना खाली घातल्या, बाळ्यानंसुद्धा. मग हे उठले. हात धुतले, माझ्या हातातून लाटणं घेतलं. मी गायत्रीच्या शेजारी बसले.

ह्यांनी पहिला रोट लाटला, तव्यावर टाकला आणि माझ्या पानात वाढला. गायत्रीनं तो नीट पाहिला आणि म्हणाली, हा जर्मनीच्या नकाशासारखा आहे. मधून करपलेला आणि कडेनं कच्चा होता. पण रोट टाकता येत नाही, म्हणून मी सगळा खाल्ला.