मुक्याने आणायचे खडे

मुनिरक्याच्या वरच्या जंगलातून उतरणाऱ्या पाण्याला सगळी दिल्ली नाला म्हणते, आणि खाली त्याचं जे काही झालंय ते पाहता दिल्लीचंही चूक नाही. रेवतीचा नवरा जयंत सरकारी जलविभागात, तो मात्र त्याला ओढाच म्हणायचा. अरवलीच्या खडकांतून निघून हा ओढा यमुनेकडे जायचा, वाटेत बागा पोसायचा, गावच्या म्हशी त्यात डुंबायच्या. मग वस्ती वाढली, सांडपाणी आलं, वास लपवायला वर फरशा टाकल्या आणि फरशांवर गाड्या उभ्या राहिल्या. जंगलात तेवढा तो अजून उघडा आहे, पावसाळ्यात स्वच्छ वाहतो, हे जयंतने आईला सांगितलं आणि स्वतः टूरवर निघून गेला.

अहिल्याबाईंनी ते लगेच मनावर घेतलं. खड्याच्या गौरी वाहत्या पाण्यातूनच यायला हव्यात; सोसायटीतल्या बायका कुंडीतले खडे धुऊन घेतात, ते त्यांना मुळीच पटेना. आणायच्या कुमारिकेने, मुक्याने, मागे वळून न बघता. म्हणजे नऊ वर्षांच्या राजनंदिनीने. रेवतीने लेकीला दहादा बजावलं, "काही झालं तरी घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

खडे घेतले तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. परतताना वर टेकडीवर पाऊस कोसळला आणि ओढा गढूळ होऊन फुगायला लागला. उतारावर अहिल्याबाईंचे गुडघे कुरकुरत होते, रेवती त्यांना धरून उतरवत होती. ताम्हन घेतलेली राजनंदिनी पुढे गेली आणि वळणामागे दिसेनाशी झाली.

रेवतीने हाक मारली. पुन्हा मारली. ओ आली नाही. येणार कशी? पोरगी चार पावलांवर आहे की वाहून गेली, हे कळायचा मार्ग तिने स्वतःच बंद करून ठेवला होता. सासूबाईंना झाडाशी टेकवून ती धावत सुटली.

ओढा फरशांखाली शिरतो, तिथे तोंडाशी लोखंडी सळया आहेत आणि पलीकडे जायला तिथेच पाण्यात उतरावं लागतं. राजनंदिनी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ताम्हन छातीशी, ओठ गच्च मिटलेले, डोळ्यांतून धारा. रेवतीने उडी घेतली, तिला ओढून पाहिलं, पण पोरीचा एक पाय जागचा हलेना. पाणी चढत होतं.

"कसा अडकलाय? सांग ना गं, बोल."

राजनंदिनीने मान हलवली. नाही.

तेवढ्यात बसत, घसरत अहिल्याबाई येऊन पोचल्या. त्यांनी नातीच्या हातातलं ताम्हन घेतलं आणि सगळे खडे पाण्यात ओतून दिले.

"आता घरी न्यायचं काही नाही. बोल, सोन्या."

"आजी, सँडलचा बेल्ट सळईत फसलाय."

रेवतीने पाण्याखाली चाचपून बक्कल सोडलं. पाय निघाला.

काठावर आल्यावर पोरीला मोठ्याने रडू फुटलं.

"मी आधीच ओरडणार होते, आई," ती हुंदक्यांतून म्हणाली, "पण तू रागावली असतीस."

रेवतीने तिला घट्ट धरलं. आपण खरंच रागावलो असतो, हे तिला ठाऊक होतं.