कपाटातली ऊब

हे कुणाला सांगायचं नाही, असं माझं आणि बाबांचं ठरलं आहे. म्हणजे ठरवलं त्यांनी. मी फक्त बशीतलं दूध प्यायले. पण आज राहवत नाही, म्हणून सांगते. मी मनी बोलतेय, या घरातली मांजर.

माझा जन्म जिन्याखालच्या एका खोक्यात झाला. माझे डोळे उघडायच्या आतच माझी आई कुठेतरी निघून गेली. ताईने मला ओढणीत गुंडाळून वर आणलं, तेव्हा मी थंडीने काकडत होते. तिने मला उशीवर ठेवून पाहिलं, टोपलीत ठेवून पाहिलं. शेवटी बाहेरच्या खोलीतल्या एका काळ्या लोखंडी पेटीवर ठेवलं. पेटी कोमट होती. मी तिथे अंग टाकलं आणि गाढ झोपले.

ती पेटी म्हणजे बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही अंगांना उभ्या धातूच्या पात्या, आणि वजन असं की उचलायला दोन माणसं लागायची. गाणं लावा की नका लावू, बटण दाबलं की तो तापायचाच. बाबा म्हणायचे, तापल्याशिवाय याचा गळा मोकळा होत नाही. म्हणून सकाळी कामावर जातानाच ते तो चालू करून जात, म्हणजे संध्याकाळी आल्या आल्या गाणं नीट लागावं. दिवसभर त्याच्यासमोर ऐकायला कुणी नसे. मी मात्र वर असे.

ताईच्या आईला हे बिलकूल पटत नसे. एकदा खिडकीचा पडदा उडून त्याच्यावर पडला आणि कापडावर इस्त्रीचा चटका बसावा तसा तपकिरी डाग उठला. त्या दिवशी खोलीभर पसरलेला वास माझ्या नाकात अजून आहे.

मग आईचे वडील घसरून पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांना आमच्याकडेच आणायचं ठरलं. आई त्यांना अण्णा म्हणते, मी ताईसारखं आजोबा म्हणते. त्यांची खाट बाहेरच्या खोलीतच बसणार होती.

"त्यांना कूसही बदलता येत नाही, अहो," आई म्हणाली. "त्या खोलीत एक तर माझे अण्णा राहतील, नाहीतर तुमची ती शेगडी."

बाबांच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. ते एकामागून एक नवे, न तापणारे अ‍ॅम्प्लिफायर घरी वापरून बघायला देऊ लागले. एकाचा आवाज बाबांना कोरडा वाटला, दुसऱ्याचा पातळ. तिसरा जाड पुस्तकाएवढा होता, समोर छोटा निळा दिवा.

"याच्यावर लोण्याचा गोळा ठेवा, वहिनी, वितळला तर मला सांगा," दुकानदार म्हणाले. "कपाटात कोंडा, वर कापड घाला. याला वारासुद्धा लागत नाही."

आईने ते वाक्य मनात पक्कं ठेवलं. मी त्याच्यावर चढून बसले आणि लगेच उतरले. त्यापेक्षा फरशी बरी.

बाबा म्हणाले, "यात गाणं ऐकू येतं, पण गाणारी दिसत नाही."

"दिसायला कशाला हवी?" आई म्हणाली.

शेवटी ताईने परीक्षा घेतली. बाबांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि ती कधी या पेटीला, कधी त्या पेटीला स्पीकरच्या तारा जोडू लागली. बाबांनी मान डोलावली. "हा जुना. आवाजात ऊब आहे बघ."

"बाबा, हा नवा आहे," ताई म्हणाली.

"मनी मांडीवर बसली आहे ना, म्हणून ऊब," आई म्हणाली. सगळे हसले. बाबाही हसले, पण माझ्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला होता.

आई आजोबांना आणायला गेली आणि ताई शाळेत होती, तेव्हा बाबांनी आणि दुकानदारांनी मिळून जुना अ‍ॅम्प्लिफायर भिंतीजवळच्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवला. वारा खेळावा म्हणून कपाटाची पाठची फळी काढली आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. स्पीकरच्या तारा जुन्यालाच जोडल्या. नवा कपाटावर ठेवला, नुसता निळा दिवा लावून. कप्प्याला कुलूप घातलं आणि किल्ली बाबांनी खिशात टाकली.

"वहिनींना कळलं तर मी तुला ओळखत नाही," दुकानदार जाता जाता म्हणाले.

बाबांनी आईला सांगितलं की जुना दुकानदार घेऊन गेले. मला म्हणाले, "मने, हे आपल्यातच हं." आणि बशी भरली.

आजोबा आले. एका संध्याकाळी गाणं ऐकून म्हणाले, "गाणारी उशाशी बसल्यासारखी वाटते."

"बघा, अण्णांना नवाच आवडला," आई म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्र उंच धरलं. तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं.

आता थंडी पडली आहे. आज सकाळी बाबा नेहमीसारखे कपाटामागून हात घालून जुन्याचं बटण दाबून कामावर गेले. नंतर आजोबा खोकू लागले. कपाटामागच्या फटीतून गार वारा येतो म्हणाले. आईने जुनी रजई आणली, घडी करून त्या फटीत दाबून बसवली आणि कमरेने रेटून कपाट भिंतीला टेकवलं. मग निळ्या दिव्याच्या पेटीवर तळहात ठेवून पाहिला.

"किती गार आहे," ती समाधानाने म्हणाली.

मी तेव्हापासून कपाटावर बसले आहे. आधी छान वाटत होतं. आता पाय टेकवत नाहीत. आणि पडद्याचा तो वास परत येतो आहे, अगदी बारीक. माणसांच्या नाकाला तो अजून लागलेला नाही. मी खाली उतरून रजई ओढून पाहिली, तर आई म्हणाली, "फाडू नकोस गं, नखं काढीन तुझी." आजोबा औषध घेऊन झोपले आहेत. आई बाजाराची पिशवी शोधते आहे.

तुम्ही वाचताय, तुम्हाला हात आहेत, बोलणं आहे. कुणीतरी आईला सांगा की तो निळा दिवा खोटा आहे. गार पेटी वर आहे, तापलेली खाली.

"मने, चल बाहेर. अण्णांची झोप मोडशील. मला दार ओढून घ्यायचंय."

मी खाटेखाली शिरले, पण तिने मला उचललं. भरभर सांगते. किल्ली बाबांकडे आहे, पण किल्ली लागणारच नाही, पाठीमागे फळी नाही, कपाट जरा पुढे घ्या आणि आधी ती रजई