तिकडे ठेवलेला आवाज

त्या दुपारी बाबांनी खोलीचा पंखा बंद केला, खिडकी लावली आणि माइकसमोर खुर्ची ओढली. पंख्याची घरघर वाचनात येते म्हणून कितीही उकडलं तरी हे ठरलेलंच. मी टेबलाच्या खालच्या खणात पडून ऐकत होते. बोटीची गोष्ट होती. शेवटचं प्रकरण वाचून ते घाम पुसत बाहेर आले आणि मुलीला म्हणाले, "लागली गं बाई एकदाची बोट किनाऱ्याला!"

"आता पाणी प्या आधी. बोटीपेक्षा तुम्हीच जास्त भिजलाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

मित्रांनो, मी एक हार्ड डिस्क आहे. काळी, पाकिटाएवढी आणि आता बरीच जुनी. संगणकातलं काहीही माझ्या पोटात जपून ठेवता येतं. मी जिथे घडले तिथले कामगार डोळे सोडून सगळं अंग झाकून घेत, कारण माझ्या आतल्या चकतीला धुळीचा एक कणही सोसत नाही. इतकं जपून घडवलेल्या मला बाबांच्या मुलीने हौसेने घरी आणलं.

बाबांनी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. तिथे एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदाशी ताडून पाहायचा. वाचताना विरामचिन्हंसुद्धा वाचायची. निवृत्तीनंतर ते अंध मुलांच्या शाळेसाठी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करू लागले आणि पहिल्याच दिवशी सवयीने वाचून मोकळे झाले, "राजा म्हणाला स्वल्पविराम कोण आहे रे तिकडे प्रश्नचिन्ह." मुलीची हसून पुरेवाट झाली. शाळेतल्या मुलांना मात्र ती गोष्ट इतकी आवडली की त्यांनी पुन्हा पुन्हा मागून ऐकली.

रोज वाचन संपलं की बाबा मला संगणकाला जोडत. "घे, सांभाळ," एवढंच म्हणत. मी गरगर फिरत सगळं पोटात घेई. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मग एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, ही डबी हातातून पडली की संपलं सगळं. मी तुम्हाला ऑनलाइन खातं उघडून देते. तिकडे ठेवलेलं कधी हरवत नाही."

"तिकडे म्हणजे कुणाकडे?"

"मोठी कंपनी आहे. सगळं जग ठेवतं."

"आणि त्यांनीच कुलूप लावलं तर?"

"तुम्हाला ना, सगळ्यांचा संशय!"

"संशय नाही गं. पत्ता विचारतोय नुसता."

पत्ता तिलाही सांगता आला नाही. खातं मात्र उघडलं गेलं आणि मी खणात गेले.

बाबा गेल्यावर तिने नीटनेटकेपणाने सगळं आवरलं. सगळं 'तिकडे' आहेच म्हणून संगणक पुसून कोरा केला आणि शाळेला दिला. बाबांचा फोन नंबर बंद केला. मग शाळेतल्या बाईंचा फोन आला, "मुलं विचारतायत हो, बोटीचं पुढे काय झालं?" ती लगेच आपल्या संगणकावर बाबांचं खातं उघडायला बसली. पासवर्ड तिला ठाऊक होता, पण यंत्र अनोळखी दिसल्यामुळे खात्याने कोड मागितला. तो गेला बाबांच्या नंबरवर, तिनेच बंद केलेल्या.

तिने कंपनीला कळवलं. उत्तर आलं, 'सुरक्षिततेसाठी खातेदाराने स्वतः संपर्क साधावा.' तिने मृत्यूचा दाखला पाठवला. पुन्हा तेच उत्तर, तितक्याच नम्र शब्दांत. फोनवर माणूस कधी आलाच नाही. शेवटी, बऱ्याच महिन्यांनी, एक निरोप आला: वापर नसल्यामुळे खातं काढून टाकलं आहे. चोरांपासून राखलेलं सगळं तिच्यापासूनही राखलं गेलं, आणि मग राहिलंच नाही.

तेव्हा कुठे तिला मी आठवले. तिने मला खणातून काढलं, पदराने पुसलं, जोडलं. इतक्या दिवसांनी फिरताना माझ्या पोटात खरखर झाली. ती पडद्यावर एकेका गोष्टीचं नाव वाचत खाली गेली. बोटीची गोष्ट माझ्याकडे नव्हती, मित्रांनो. मला खणात टाकल्यानंतरचं काहीच नव्हतं. माझं आयुष्य जपण्यात गेलं, आणि नेमकं तेच मला जपायला मिळालं नाही, याची खंत माझ्या मनातून जात नाही. तुमच्या वस्तू खुशाल दूर ठेवा. पण किल्ली कुणाच्या हातात आहे ते आधी विचारा, आणि एक प्रत घरातही असू द्या. मीही कधीतरी बंद पडणार आहे, म्हणून माझ्या भरवशावरही राहू नका.

तिने एक जुनी गोष्ट लावली. बाबांचा आवाज खोलीत आला. कसल्याशा विनोदावर ते वाचता वाचता एकटेच हसले, सावरले, पुढे वाचू लागले. गोष्ट संपेपर्यंत तिने पंखाही लावला नाही. मग पडद्याकडे बघत, कुणी समोर असावं तशी ती म्हणाली,

"बाबा, तुम्ही वाचत असलात की मी रोज दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकायचे."