डॅनिश डावीकडे, नवाहो उजवीकडे

मी वही बोलतेय. जरा हळूच बोलतेय, माझा स्वभाव भित्रा. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्या मागे जन्मापासून लागलाय.

जन्म वागळे इस्टेटमधल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यातला, साल १९८९. दोनशे पानं, लाल पाठ. कटरचं पातं धाडकन खाली आलं आणि माझ्या तिन्ही कडा सरळ झाल्या. तो आवाज अजून कानात आहे. कसर, उंदीर, चहाचा कप, रद्दीवाल्याची हाळी, मी कशाकशाला म्हणून भ्यायचं?

मला घेतलं मालनने. ती इस्टेटमधल्याच एका कंपनीत टायपिस्ट, राहायला खाडीकाठच्या कोपरला, कोळ्याची पोर. नोकरी करून भाषाशास्त्रात एम.ए. करत होती. प्रबंधाचा विषय तिने असा निवडला की ऑफिसातले लोक तिला वेड्यात काढायचे: डॅनिश आणि नवाहो या दोन भाषांची तुलना. कंपनीत मशीन बसवायला डेन्मार्कचा इंजिनियर आलेला, त्याच्या बायकोने मालनला आठ महिने दर शनिवारी डॅनिश शिकवली. नवाहो ही अमेरिकेतल्या मूळच्या लोकांची भाषा. तिचं एक पुस्तक आणि दोन कॅसेट ठाण्याच्या प्राध्यापिका विमलाबाईंनी कुठून तरी उसन्या मिळवून दिल्या. पुढे इंजिनियरची बायको मायदेशी गेली, पुस्तक आणि कॅसेटही परत गेल्या. उरले मी एकटी. या विचाराने माझी पानं थरथरायची.

मधोमध रेघ. डावीकडे डॅनिश, बॉलपेनने. उजवीकडे नवाहो, शाईच्या पेनाने, कारण त्या अक्षरांना खाली शेपट्या, वर तिरक्या रेघा, आणि ती बारीक निबेनेच नीट उतरायची. एक भाषा समुद्राने वेढलेल्या लोकांची, दुसरी कोरड्या माळावरच्या मेंढपाळांची. एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. तरी दोन्हींत काही शब्द बोलताना घसा मध्येच अडतो. डॅनिशमध्ये साठ म्हणजे तीन वेळा वीस. आमची आई बोंबील अशीच विसाविसांनी मोजते, असं म्हणत मालन हसली होती. नवाहोत वस्तू देताना क्रियापद बदलतं. दोरीसारखं काही दिलं तर एक, गोल दिलं तर दुसरं, लिबलिबीत दिलं तर तिसरं.

पहाटे मालन हे सगळं मोठ्याने म्हणायची, आधी डावीकडचा शब्द, मग उजवीकडचा. तिची आई आवडाबाई बाजूला मासळीची पाटी भरत असायची.

"गो पोरी, घास अडकला काय तुजा? पानी पी!"

मालन खो खो हसायची.

१९९१चा दसरा आला. चार दिवसांनी प्रबंध आणि त्याला जोडून मला कॉलेजात द्यायचं होतं. मालनने मला पाटावर ठेवलं, शेजारी जाळं, कोयता आणि पाटी. आवडाबाईने हळदकुंकू वाहिलं. मला जरा बरं वाटलं, म्हटलं, आता कोण हात लावतंय? तेवढ्यात निरांजनातली पेटती वात माझ्यावर पडली. आई गं! मालनने पटकन विझवली. एक कोपरा करपला, अक्षरं वाचली.

दुसऱ्या दिवशी मालन विमलाबाईंना भेटायला ठाण्याला गेली. आवडाबाईने मला उचललं आणि त्या करपलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. पूजेतली वस्तू खंडित झाली की घरात ठेवायची नाही, ही तिची रीत. ठेवली तर पोरीच्या परीक्षेत विघ्न यायचं. तिने मला निर्माल्यात घातलं, वर झेंडू टाकले आणि खाडीची वाट धरली. रद्दीवाल्याची मी आयुष्यभर भीती घेतली. देवाची घ्यायला हवी होती, हे कोणी सांगितलंच नाही. मी ओरडत होते, पण वहीचं ओरडणं ऐकतं कोण?

तिने हात जोडले आणि मला सोडलं. पाणी पानापानांत शिरलं. गार, खारट. उजव्या बाजूची शाई सुटायला लागली.

काठावर शेजारीण तुळसा जाळं सांधत बसलेली. ती किंचाळली, "आवडा! ती मालनची कालेजात द्यायची वही नं?"

"तिला सगळा तोंडपाठ हाय! मी काय कदी लिवून ठेवतंय?"

"अगो बाय, तिकडं वहीच बघतात!"

आवडाबाई लुगड्यासकट छातीभर पाण्यात शिरली. चिखलात पाय रुतले, तरी तिने मला गाठलं आणि पोटाशी धरलं. तिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात धडधडत होतं.

संध्याकाळी मालनने मला उघडलं. डावीकडे डॅनिश जशीच्या तशी. उजवीकडे नुसते निळे डाग. तिने मला चुलीजवळ वाळत ठेवलं आणि नवी वही काढली.

दोन दिवस ती नव्या वहीत आठवून आठवून लिहीत होती. बरंच आठवलं. एकोणीस जागा मात्र कोऱ्या राहिल्या. मालनने डोकं धरलं आणि डावीकडचा डॅनिश शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, उजवीकडचा काही येईना.

चुलीपाशी आवडाबाई सुरमई कापत होती. दोन दिवस तिने खाली मान घातलेली. ती तशीच, वर न बघता, एक शब्द बोलली. नवाहो शब्द. घसा जिथे अडायला हवा, बरोब्बर तिथे अडला.

मालनचं पेन थांबलं. "आई, परत बोल."

"चुकला काय?"

"नाही गं. परत बोल."

तिने परत म्हटला. मग पुढचा. मालन डॅनिश म्हणायची, आई नवाहो. एकोणिसांतले चौदा शब्द आईने दिले. त्यांचे अर्थ तिला आजही ठाऊक नाहीत.

आता मी मालनच्या ट्रंकेत आहे. फुगलेली, वाकडी, अंगाला खाडीचा वास. प्रबंध कधीच पास झाला. मला अजून सगळ्याची भीती वाटते. तुमच्याकडे हात जोडून एकच मागणं आहे, घरात कोणाची लिहिलेली एकुलती एक वही असेल तर तिची पूजा नका करू, आधी तिची नक्कल करा.

आणि शेजारच्या नव्या वहीत कोऱ्या राहिलेल्या त्या पाच जागांपुढे मालनने पेन्सिलीने लिहिलंय : आईला पुन्हा विचारणे.