हात लावायचा नाही

आईला बाथरूमपर्यंत एकटीने जाता आलं, तर ती घरीच राहणार होती. नाही जमलं, तर धाकटा मुलगा तिला वृद्धाश्रमात ठेवणार होता. त्याने ताईला तसं स्पष्टच सांगितलं होतं. "तू दिवसभर शिवणाच्या दुकानात. मागे ती पडली म्हणजे?" त्याचंही खोटं नव्हतं.

दवाखान्याची नर्स पहिल्यांदा घरी आली, तेव्हा ताई आईला भरवत होती. नर्सने चमचा घेतला आणि सरळ आईच्या हातात दिला.

"अहो, हात थरथरतात तिचे. सांडतं."

"सांडू दे. फरशी पुसता येते."

ताईला बाई दगडाच्या काळजाची वाटली. वर्षभर तिने आईला फुलासारखं जपलं होतं. पेला ओठांशी, चपला पायाशी, उठताना काखेत हात. आणि तरी आई रोज थोडी थोडी गादीतच मुरत चालली होती.

"तुमची माया कळते हो मला," नर्स जरा नरमाईने म्हणाली. "पण या वयात पडून राहिलेलं माणूस झपाट्याने संपतं. रोज खुर्चीतून उठू दे त्यांना. जवळ थांबा, पण हात लावायचा नाही."

मग सुरू झालं. आई खुर्चीचे हात धरून उठायची, धपकन बसायची आणि नर्सचा उद्धार करायची.

"हिचं लग्न झालंय का गं? नवऱ्याची कीव येते मला."

"तो आपल्या हाताने वाढून घेतो, आजी. चला, पुन्हा."

ताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. तिला हे बघवत नव्हतं.

ठरल्या रविवारी धाकटा आईचं चालणं बघायला आला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. अचानक आई कुणाला न सांगता उठली आणि भिंत धरून निघाली. धाकटा ताडकन उभा राहणार, तोच ताईने त्याचा शर्ट धरला.

"बस खाली."

अर्ध्या वाटेत आई थांबली. तिने वळून लेकीकडे पाहिलं. ताईने स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"नुसती बघतेस काय?" आई करवादली.

"बघतेय," ताई म्हणाली.

आईने भिंतीवर हात पुढे सरकवला. मग पाऊल. मग पुन्हा हात. दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दोघं दारापाशी धावली. आत चिडीचूप. धाकट्याने दार ठोठावायला हात उचलला, ताईने तो धरून ठेवला. त्याच्या हाताला घाम सुटला होता, का तिच्याच, कोण जाणे.

आत नळ सुटला.

धाकट्याने कपाळ दाराला टेकवलं. मग म्हणाला, "उद्या सुतार बोलावतो. ही कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे."